ज्यानं बोलावलं त्याचं पाणी

बोलावलं होतं एकटीला. आला सगळा पाडा.

करंजफाट्याचं पोलीस दूरक्षेत्र म्हणजे एक खोली, पुढं पडवी, अंगणात एक हापसा आणि करंजाचं झाड. तेवढ्या जागेत कुंडाच्या पाड्यावरच्या बायका, दोन-चार म्हातारे डोकरे आणि जमुनाच्या पाठीला बांधलेलं बाळ, असे सगळे येऊन बसले. घोषणा नाही, झेंडा नाही. सावलीत जागा होती तरी उन्हात, एका ओळीत.

साहेब खुर्चीतून उठून दाराशी आले.

"ही एकटी येणार होती ना?"

"तसंच सांगितलं होतं, साहेब," सावळा नावाचा हवालदार म्हणाला. "एकटीच ये म्हणून बजावलं होतं."

"मग ही जत्रा कसली?"

सावळानं मान खाली घातली. त्याला माहीत होतं. तो मोखाड्याकडचा, डोंगरातलाच. पण माहीत असलेलं सगळंच वरच्याला सांगायचं नसतं, हे तो खाकी घातल्यावर शिकला होता.

आणि जिला बोलावलं होतं ती योगिता? ती ओळीच्या टोकाला उभी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. भीती होतीच, पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. कारण हे सगळे का आलेत, उन्हात का बसलेत आणि आता कसली वाट बघतायत, हे तिलाही माहीत होतं. आणि ते चूक होतं. साफ चूक.

*

आदल्या दिवशीची गोष्ट. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. सावळानं मोटारसायकल वडाखाली लावली आणि योगिताला बाजूला घेतलं.

"साहेबांनी बोलावलंय उद्या. एका कागदावर सही करायची आणि घरी जायचं. घाबरू नको."

"कसला कागद?" योगिताची आई रामी पेंढा हातात घेऊन मध्येच उभी राहिली.

"पुन्हा काम बंद पाडणार नाही, असा."

काम बंद होतं हे खरं. दिवाळी सरली की कुंडाच्या पाड्यावरच्या बायका माळावरचं गवत कापायला जातात. ते वखारीत जातं, तिथं दाबून त्याचे गठ्ठे होतात आणि ट्रकनं मुंबईच्या तबेल्यांना जातात. मजुरी पेंढीवर. पेंढी केवढी, ते दोरी ठरवते. दोरी मुकादमाच्या, म्हणजे दाभोशाच्या हेमंतच्या हातात. दोरी भरून गवत आलं तर पेंढी धरायची, नाही तर मोडायची. आणि ही दोरी दर साली लांब होते. दर तोच.

"भोपळीच्या वेलाला तरी पाणी लागतं," हिराबाई म्हणायची. "हेमंतची दोरी कोरडी वाढते."

इतकी सालं बायका हसायच्या आणि कापायच्या. या साली योगितानं वखारीच्या दारात सांगितलं, की सरकारनं मजुरीचा रोज ठरवून दिलाय; पेंढी नको, दोरी नको, रोजावर काम द्या. बारावी झालेली पोरगी. हेमंत हसला. बायका हसल्या नाहीत. त्यांनी विळे नेऊन कुडाच्या भिंतीत खोचले आणि घरी बसल्या. माळावर गवत पिवळं पडत चाललं. कडक झालं की म्हशी तोंड लावत नाहीत. म्हणून वखारवाल्या शेठची घाई, म्हणून शेठचा साहेबांना फोन, म्हणून सावळाची मोटारसायकल.

"मी जाऊन येते," योगिता म्हणाली.

"एकटी?" रखमी डोकरी झोडणी थांबवून म्हणाली. पाड्यातली सगळ्यात जुनी बाई ती. तिचे केस पांढरे होऊन आता पिवळे पडायला लागले होते. "एकटीला कसा धाडायचा? पोर का रानात सापडली हाय?"

पाड्याची रीत होती. कुणालाही पंचात बोलावणं आलं की त्याला पाड्यानं न्यायचं आणि पाड्यानंच परत आणायचं. ज्यानं बोलावलं, त्यानं आलेल्या प्रत्येकाला आपल्या हातानं पाणी पाजायचं. ते पाणी घशाखाली उतरेपर्यंत कुणी सावलीला बसायचं नाही, तोंड उघडायचं नाही. कोरड्या घशाचा बोल पंच धरत नाहीत. आणि पाणी पाजलं की शेवटच्या माणसाचं बोलून होईपर्यंत बोलावणाऱ्यानं उठायचं नाही.

"आजे, तो पंच नाय," योगिता म्हणाली. "ठाणा हाय. पोलीस हायेत ते."

"बोलावणारा तो बोलावणारा. टोपी घातली तं काय झाला?"

"तिथं अशी रीत नसते गे."

"तिथं नसल. आमच्याकं हाय. आमी तं आमचीच घेऊन जाणार ना?" रखमीनं पदराला हात पुसले. "विळे कुणी नेऊ नका. पंचात हत्यार न्यायचा नसतो. भाकरी न्या. पाणी नेऊ नका."

योगितानं आईकडं पाहिलं. रामी बाजूला बघत हसत होती. रात्री भाकरीचं पीठ मळताना ती म्हणाली, "रखमी आजी चुकत असल, बाय. पण चुकीच्या बाजूला बसत नाय."

*

साहेब विचारत होते. उत्तरं अशी आली:

"लीडर कोण तुमच्यात?"

(हिराबाईनं पदर सारखा केला.)

"कुठल्या संघटनेनं पाठवलं?"

(करंजाची एक शेंग खाली पडली.)

"पाच माणसांच्या वर जमलं की काय होतं ठाऊक आहे ना? सगळ्यांना आत घालीन."

(जमुनाचं बाळ शिंकलं. जमुनानं त्याचं नाक पुसलं.)

"मुक्या आहात का सगळ्या? ए म्हातारे, तू बोल!"

(रखमीनं दारातून दिसणाऱ्या साहेबांच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडं पाहिलं. मग साहेबांकडं. मग पुन्हा बाटलीकडं.)

साहेबांनी काठी घेतली आणि पडवीतल्या पत्र्याच्या पिंपावर हाणली. आवाज इतका मोठा झाला की झाडावरचे कावळे उडाले आणि बाळ किंचाळून रडू लागलं. ओळीतलं कुणी उठलं नाही. जमुना बाळाला पदराखाली घेऊन डुलवत राहिली, पण ओठ घट्ट मिटलेले. एरवी बाळ रडलं की ती अंगाई म्हणायची, तीही नाही. हापसा दहा पावलांवर होता. उन्हानं सगळ्यांच्या ओठांना कोरड पडली होती. हापशाकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं.

साहेब नवे होते, घाटावरचे. माणूस वाईट असेल-नसेल; पण समोरचा घाबरला की नाही ते त्याच्या आवाजावरून ओळखायचं, एवढंच त्यांना येत होतं. आणि इथं आवाजच नव्हता.

"तू आत ये," ते योगिताला म्हणाले.

*

खोलीत पंखा होता. टेबलावर कागद होता. कागदावर पेन.

"सकाळी दाभोशाच्या रस्त्यानं पळतेस म्हणे रोज," साहेब आता मऊ आवाजात म्हणाले. "पोलीस भरतीची तयारी?"

योगितानं मान हलवली. अंधार फिटायच्या आत ती पळायला निघायची. बूट जव्हारच्या बाजारातले, डाव्याचा तळ उसवलेला. वावर-वांगणीच्या बाजूची अजून एकही पोरगी खाकीत गेली नव्हती, आणि पहिली आपणच असू, हे तिनं आईलासुद्धा मोठ्यानं सांगितलं नव्हतं.

"चांगली गोष्ट आहे. पण चारित्र्य पडताळणी कोण करतं, माहिती आहे ना? शेरा इथूनच जातो. माझ्या हातानं. सही कर. उद्यापासून बायकांना कामावर जाऊ दे. तुझं तू पळ. कसं?"

तिनं कागद जवळ ओढला.

मी, खाली सही करणार, राहणार कुंडाचा पाडा

(पाडा सगळा बाहेर बसलाय. उन्हात.)

याद्वारे लिहून देते की, मी इतर महिलांना चिथावणी देऊन

(चिथावणी कसली? मी फक्त रोज किती ते सांगितलं.)

त्यांना कामावर जाण्यापासून परावृत्त करणार नाही, तसेच

(परावृत्त. बारावीला एका धड्यात होता हा शब्द. मी हिराबाईला अर्थ सांगितला होता. ती म्हणाली, म्हंजे वळवणं ना, मग वळव म्हणा की.)

यापुढे अशा कोणत्याही

इथं तिनं पेन उचललं.

पेन उचललं, हे लपवण्यात अर्थ नाही. तिच्या डोळ्यांपुढं भरतीचं मैदान होतं, चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेलं. तिचा हात कागदावर टेकला होता.

आणि खिडकीतून ओळ दिसत होती.

रामी, तिची आई. हिराबाई, जिला जीभ तोंडात ठेवता येत नाही, जिला बाजारात लोक मुद्दाम बोलतं करतात. ती सकाळपासून गप्प. जमुना, एका हातानं बाळाच्या डोक्यावर सावली धरून. नवसू डोकरा, ज्याला खरं तर ऐकूच येत नाही, तोही ओठ मिटून. आणि रखमी, ताठ, दगडी खांबासारखी. यातल्या कुणालाही खोलीतला कागद काय म्हणतो ते ठाऊक नव्हतं. भरतीचं ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की आपली पोर आत आहे, तिच्या घशाला कोरड आहे, आणि तिचा बोल अजून धरता यायचा नाही. तोवर आपणही बोलायचं नाही.

हे सगळं आपल्यासाठी, योगिताला कळलं. मग मला लाज वाटली होती ती कशाची? पोलीस ठाण्याला पंच समजणारी ही माणसं अडाणी, असं मी समजत होते. ती माझा बोल कोरडा पडू नये म्हणून तहान धरून बसलीत.

तिनं पेन खाली ठेवलं. टोपण लावून.

"काय झालं?"

तिनं बाहेरच्या ओळीसारखे ओठ मिटून घेतले.

"अगं, काय झालं? सही!"

ती तिथून उठली, बाहेर आली आणि ओळीच्या टोकाला आईशेजारी बसली. रामीनं तिच्याकडं न बघता तिच्या मांडीवर हात ठेवला.

*

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"गाडी मागवा! सगळ्यांना न्या तालुक्याला!"

"गाडीत मावणार नाहीत, साहेब," सावळा म्हणाला. "चार फेऱ्या कराव्या लागतील. आणि विचारतील, गुन्हा काय? बसले होते, एवढाच."

"मग काय करू? यांना पाहिजे तरी काय?"

सावळानं टोपी काढली. घाम पुसला. मग ओळीकडं पाहिलं. रखमी त्याच्याकडंच बघत होती. तिच्यासारखीच एक डोकरी त्याच्या पाड्यावर होती. मागल्या साली गेली. तिच्या दिवसकार्याला त्याला रजा मिळाली नव्हती.

"पाणी, साहेब," तो म्हणाला.

"काय?"

"पाणी पाहिजे त्यांना."

"समोर हापसा आहे ना! प्या म्हणावं! मी काय अडवलंय?"

"तसं नाही. ज्यानं बोलावलं, त्यानं पाजायचं असतं. आपल्या हातानं. मग ते बोलतात."

"तू पाज मग."

"मी बोलावलं नाही, साहेब. तुम्ही बोलावलं."

दूर फाट्यावर एक जीप थांबली, माणसं उतरली, जीप गेली.

"च्यायला," साहेब म्हणाले. एवढंच म्हणाले.

सावळानं हापशावर कळशी भरली. साहेबांनी तांब्या घेतला. पहिल्यांदा रखमीपुढं गेले आणि उभ्या उभ्या वरूनच पाणी सोडलं. ते तिच्या ओंजळीबाहेर, मांडीवर सांडलं. रखमीनं ओंजळ काढून घेतली नाही. तशीच धरून ठेवली. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या ओंजळीत पाणी घालायचं तर वाकावं लागतं, त्याला दुसरा इलाज नाही. साहेब वाकले.

पुढं हिराबाई. वाकले. पुढं नवसू. वाकले. जमुना प्यायली आणि ओल्या बोटांनी बाळाचे ओठ पुसले. ओळ लांब होती. पहिल्या ओंजळींना तांब्या हिसडल्यासारखा तिरपा होत होता, मधल्यांना नीट, शेवटाकडं येईतो साहेब दर वेळी विचारत होते, "अजून?"

शेवटची योगिता. तिनं दोन्ही हात पुढं केले. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं नाही, पण पाणी नीट घातलं. थंडगार होतं.

"आता खाली बसा, साहेब," सावळा हळूच म्हणाला. "पाणी पाजलं की शेवटच्याचं होईपर्यंत उठता येत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"आधी सांगितलं असतं तर पाजलं असतंत का?"

*

साहेब पडवीच्या कडेला बसले आणि मग सगळे बोलले. धरण फुटल्यासारखं नव्हे; ओळीनं, एकामागून एक, दुसऱ्याला न तोडता.

रखमी म्हणाली मी लहान होते तेव्हा दोरी माझ्या कंबरेएवढी होती आता दोन बायका मावतात तिच्यात, हिराबाई म्हणाली साहेब तुमचा पट्टा दर साली कुणी लांब केला आणि पगार तोच ठेवला तर तुमी गप बसाल का, का तुमचा पोटच तेवढा वाढल, आणि ओळीत हसू फुटलं, पंचात हसायला बंदी नाही, जमुना म्हणाली बाळाला माळावर दगडाच्या आडोशाला ठेवते, परवा त्याच्या अंगावर मुंग्या चढल्या, पेंढी सोडून धावले तं हेमंत म्हणाला मोडली ती पेंढी मोडली, नवसूला कुणाचं काहीच ऐकू आलं नव्हतं म्हणून त्यानं स्वतःच्या डाव्या हाताची तुटलेली दोन बोटं दाखवली आणि गवत, एवढंच म्हणाला, रामी म्हणाली माझी पोर चिथवत नाय, ती वाचते, तिला वाचायला आमीच घातला, मग गुन्हा आमचा.

मध्येच साहेबांचा फोन वाजला. पडद्यावरचं नाव त्यांनी पाहिलं आणि ओळीनंही त्यांचा चेहरा पाहिला.

"शेठ असल," रखमी म्हणाली. "त्यालाबी बोलवा की. पाणी हाय कळशीत."

साहेबांनी फोन उलटा ठेवला. तो वाजत राहिला, मग थांबला.

ऊन पडवीवरून उतरलं होतं. योगिताची पाळी आली. ती उभी राहिली नाही. बसूनच बोलली, बाकीच्यांसारखी.

"मी सही करत नाय, साहेब. कामावर कधी जायचं ते आम्ही पाड्यात ठरवतो. आम्हाला रोज पाहिजे, सरकारनं ठरवलाय तो. चोरी नाय केली, कुणाला मारलं नाय. माझ्याबद्दल काय लिहायचं ते तुमच्या हातात हाय. लिहा. पण आज इथं काय झालं, तेही लिहा."

साहेब उठले. आत गेले. खिडकीतून दिसलं, त्यांनी कागदाची घडी घातली आणि खणात टाकला. फाडला नाही.

"नाव राहील हां इथं तुझं," ते आतूनच म्हणाले. आवाजात सकाळची धार शोधत होते, ती सापडली नाही.

"राहू द्या," योगिता म्हणाली. "माझाच हाय."

पहिल्यांदाच त्या अंगणात तिच्या तोंडी पुस्तकातलं 'माझंच' नाही, पाड्याचं 'माझाच' आलं होतं.

पाड्यानं आणलं होतं, पाड्यानं परत नेलं. वाटेत ओढ्याशी बसून सगळ्यांनी भाकरी खाल्ली. सावळा मोटारसायकल ढकलत ओढ्यापर्यंत त्यांच्यामागं आला होता. रखमीनं त्याला चतकोर दिली. तो उभ्यानंच खाऊन गेला.

*

भरतीचं काय होणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. योगिताला तर नव्हतंच. पण दुसऱ्या दिवशी, अंधार फिटायच्या आत, तिनं उसवलेला बूट सुतळीनं बांधला आणि ती पळायला निघाली. या वेळी मात्र दाभोशाच्या वळणावरून ती परत फिरली नाही. करंजफाटा ओलांडून, दूरक्षेत्रावरून, थेट वखारीपर्यंत गेली.

हेमंत मुकादम दात घासत होता.

"पाड्यानं बोलावलंय तुम्हाला," ती धापा टाकत म्हणाली. "संध्याकाळी."

हेमंत चूळ टाकून म्हणाला, "मला? कशाला? शेठला विचारावं लागेल."

"शेठलाही आणा. एकटे या, नाय तर सगळे या. आमच्याकडं एकट्यानंच या असं काय नसतं."

तो आला. शेठ नाही, एकटाच. उन्हं कलताना, सवयीनं दोरी हातात गुंडाळलेली. खळ्यावर सगळे बसले होते. कुणी काही बोललं नाही. हेमंतनं समोर बसून एकदा घसा खाकरला, बोलायला तोंड उघडलं आणि रखमीकडं बघून मिटलं. तो दाभोशाचा होता. त्याला माहीत होतं.

या खेपेला बोलावणारा पाडा होता. म्हणून योगिता उठली, हंड्यातून तांब्या भरला आणि त्याच्यासमोर येऊन वाकली.

हेमंत तांब्याकडं बघत राहिला. ओंजळीला दोन हात लागतात. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, दोरी धरायला कुणी पुढं आलं नाही. मग त्यानं दोरी खाली मातीत ठेवली आणि हात पुढं केले.